गुपित कोणाच्या हातून फुटावे

नाशिक जिल्ह्यात लासलगावच्या शेजारी वसलेले विंचूर हे विठ्ठल शिवदेव दाणेकर यांच्या जहागिरीचे गाव. गावावरूनच घराण्याला विंचूरकर हे नाव पडले. १७५७ साली रघुनाथरावांच्या फौजेने दिल्लीत नजीबखानाला कोंडले, तेव्हा विठ्ठल शिवदेव आघाडीला होते. १७६१ च्या पानिपतावर होते आणि तिथून जिवंत परतलेल्या मोजक्या सरदारांतही होते. या घराण्याचा पुण्यातला वाडा सदाशिव पेठेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात टिळक याच विंचूरकर वाड्यात राहत, ‘केसरी’चा कारभार तिथून चाले आणि १८९४ मध्ये तिथे सार्वजनिक गणपती बसला. एका घराण्याच्या नावाशी जोडलेल्या या दोन ठिकाणांच्या मध्ये मराठी माणसाच्या बातमीचा सगळा इतिहास उभा आहे. विंचूरच्या सरदाराच्या काळात परमुलखातल्या मोहिमेची बातमी दरबाराच्या मालकीची होती. विंचूरकर वाड्यातल्या संपादकाच्या काळात ती वाचकाची व्हावी असे पहिल्यांदा कोणी तरी हक्काने म्हणू लागले. मधल्या सव्वाशे वर्षांत परकीय सत्ता आली, छापखाना आला, आणि ‘सरकारी गुपित’ नावाचा गुन्हा कायद्यात आला. या गुन्ह्याचा इतिहास नीट वाचला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. परदेशातल्या लष्करी हालचालींची गुपिते सरकारच्या कचेरीतूनच बाहेर पडत, आणि त्यातली पुष्कळशी सरकारच्या संमतीने पडत. कायद्याचा बडगा उगारला गेला तो गुपित फुटले म्हणून नव्हे, तर नको त्या हातातून फुटले म्हणून.

पेशवाईत ही व्यवस्था कशी होती ते आधी पाहिले पाहिजे, कारण पुढच्या काळाशी तुलना तिथूनच सुरू होते. दिल्लीच्या दरबारात पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराणे काम करी. हेही नाशिकचेच, मूळ पुरुष महादेवभट हिंगणे हे पेशव्यांचे नाशिकक्षेत्रीचे उपाध्याय, आणि चांदोरीला या घराण्याचा वाडा. वकील पत्रे लिहीत, कासीद ती घेऊन धावत, जासूद शत्रूच्या गोटात फिरत, आणि प्रत्येक दरबारात दुसऱ्या दरबारांचे अखबारनवीस राजरोस बसलेले असत. कोणाचा अखबारनवीस कोण आहे हे सर्वांना ठाऊक असे. त्याच्यासमोर काय बोलायचे आणि काय नाही हेही ठाऊक असे, आणि समोरच्याला कळावे म्हणून मुद्दाम काही बोलले जाई. म्हणजे हवी ती बातमी हव्या त्या कानात सोडणे हे राज्यकारभाराचे जुने साधन आहे, छापखान्याने ते जन्माला घातलेले नाही. पण या व्यवस्थेची एक मर्यादा पानिपताने उघडी केली. १७६० च्या अखेरीस अब्दालीने भाऊसाहेबांच्या छावणीची वाट तोडली आणि पुण्याकडे जाणारी पत्रे थांबली. नानासाहेब पेशवे स्वतः उत्तरेकडे निघाले तरी त्यांना पुढे काय चालले आहे ते कळेना. अखेर भेलशाच्या मुक्कामी पराभवाची वार्ता पोहोचली ती वकिलाकडून नाही, सरदाराकडून नाही, तर एका सावकाराने आपल्या पेढीला सांकेतिक भाषेत लिहिलेल्या पत्रातून. मोती, मोहरा आणि रुपये असे शब्द वापरून त्या पत्राने मेलेल्यांची मोजदाद सांगितली होती. मराठी राज्याच्या सर्वांत मोठ्या मोहिमेचा शेवट राज्यकर्त्याला व्यापाऱ्याच्या टपालातून कळला. ज्या सावकाराचा पैसा गुंतलेला होता त्याने बातमीची स्वतःची सोय केली होती. ज्या घरांतली माणसे गेली त्यांना मात्र ती सोय नव्हती, आणि त्यांनी वाट पाहण्यापलीकडे काही करावे असे कोणाच्या मनातही आले नसेल.

इंग्रजांच्या काळात छापील वर्तमानपत्र आले आणि बातमी पेढीबाहेर पडली. मुंबईचा ‘बॉम्बे टाइम्स’ ३ नोव्हेंबर १८३८ रोजी सुरू झाला. त्याच महिन्यात सर जॉन कीन यांच्या हाताखालची मुंबईची फौज सिंधू नदीच्या मुखाशी उतरत होती. तिथून पुढे कंदाहार, गझनी आणि काबूल. पहिले अफगाण युद्ध सुरू झाले होते, आणि ते का सुरू झाले हे पार्लमेंटला सांगण्यासाठी इंग्लंडच्या सरकारने १८३९ मध्ये कागदपत्रांचे एक पुस्तक छापले. त्यात काबूलला वकील म्हणून राहिलेल्या अलेक्झांडर बर्न्सची पत्रे होती. काबूलचा अमीर दोस्त महंमद याच्याशी सरकारने मैत्री करावी असे बर्न्सने परोपरीने लिहिले होते. छापील पत्रांतून ते उतारे गाळले गेले, आणि बर्न्सचे मतच युद्धाला अनुकूल होते असे वाचणाऱ्याला वाटावे अशी ती पत्रे झाली. बर्न्स १८४१ मध्ये काबुलात मारला गेला. संपूर्ण पत्रे सरकारने छापली १८५९ मध्ये, आणि पार्लमेंटात त्यावर वादळी चर्चा झाली १८६१ मध्ये. वीस वर्षे जी अधिकृत माहिती म्हणून मिरवत होती ती कापलेली माहिती होती. सरकारी गोपनीयतेच्या बाजूने बोलणारे नेहमी असे धरून चालतात की एका बाजूला जबाबदार अधिकृत निवेदन असते आणि दुसऱ्या बाजूला बेजबाबदार फुटलेली बातमी. बर्न्सच्या पत्रांचे प्रकरण या समजुतीला टिकू देत नाही. अधिकृत निवेदनातले कागद खरे होते, सहीशिक्क्याचे होते, आणि तरीही त्यांनी उभे केलेले चित्र खोटे होते.

मुंबईत लगेच दुसरे प्रकरण घडले. १८४३ मध्ये सर चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला. तिथला आधीचा राजकीय प्रतिनिधी जेम्स औट्रम याला हे आक्रमण अन्यायाचे वाटत होते. ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक जॉर्ज बुइस्ट यांनी नेपियरवर वर्षानुवर्षे झोड उठवली, आणि मुंबई सरकारच्या वर्तुळातूनच या पत्राला माहिती पुरवली जाते असा नेपियरचा कायमचा आरोप राहिला. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की भांडण दोन सरकारी गटांचे होते. सिंधच्या सेनापतीला मुंबईच्या कौन्सिलचा राग, कौन्सिलला सेनापतीचा, आणि वर्तमानपत्र हे त्यांचे रणांगण. तो सगळा वाद छापून आल्यामुळेच सिंधचे आक्रमण कोणत्या पायावर उभे होते हे मुंबईतल्या वाचकाला कळले. कागद पुरवणाऱ्यांचे हेतू शुद्ध असोत वा नसोत, त्यांच्या भांडणाने सामान्य माणसाच्या पदरात थोडे सत्य पडले. इतिहासात फुटलेल्या बातमीचा जन्म बहुतेक वेळा असाच झालेला आहे. ती क्वचितच एखाद्या सत्पुरुषाच्या विवेकातून येते, आणि म्हणून तिची किंमत आणणाऱ्याच्या चारित्र्यावरून ठरवता येत नाही.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हा कारभार पहिल्यांदा पद्धतशीर झाला. १४ मार्च १८७८ रोजी देशी भाषांतील वर्तमानपत्रांचा कायदा एका बैठकीत संमत झाला. मराठी, बंगाली, हिंदी, उर्दू पत्राच्या मुद्रकाकडून मॅजिस्ट्रेटने जामीन मागावा, पसंत न पडणारा मजकूर आल्यास तो जप्त करावा, आणि त्यावर न्यायालयात दाद नाही. इंग्रजी भाषेतल्या पत्रांना मात्र हा कायदा लागू नाही. ‘अमृत बाजार पत्रिका’ यातून सुटण्यासाठी रातोरात इंग्रजी झाली ती गोष्ट प्रसिद्ध आहे. तितकी प्रसिद्ध नसलेली गोष्ट ही की याच सुमारास लिटनने प्रेस कमिशनर नावाचा अधिकारी नेमला होता. रोपर लेथब्रिज हे त्या जागेवर होते, आणि सरकारी माहिती वर्तमानपत्रांना पुरवणे हे त्यांचे काम होते. एका हाताने तोंड दाबायचे आणि दुसऱ्या हाताने घास भरवायचा, अशी ही योजना होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले. या युद्धात जनरल रॉबर्ट्सने ‘स्टँडर्ड’ या लंडनच्या पत्राचा बातमीदार मॅकफर्सन याला तारांतल्या मजकुराच्या कारणावरून कुर्रमच्या छावणीतून हाकलले. अलाहाबादच्या ‘पायोनियर’चा हेन्समन मात्र काबूलपर्यंत फौजेबरोबर गेला. २७ जुलै १८८० रोजी मैवंदला मुंबईच्या पलटणींची धूळधाण झाली. पहिली ग्रेनेडियर्स आणि तिसावी जेकब्स रायफल्स या पलटणींतले शिपाई शेकड्यांनी पडले. आपली माणसे कोणत्या कारणासाठी तिथे पाठवली गेली होती हे त्यांच्या घरच्यांच्या भाषेत छापणाऱ्याच्या डोक्यावर तेव्हा लिटनचा कायदा टांगलेला होता. तो कायदा लिटननंतरच्या व्हाइसरॉय रिपनने १८८२ च्या जानेवारीत रद्द केला, आणि प्रेस कमिशनरची जागा त्याआधीच गेली. ‘केसरी’ याच संधिकालात, जानेवारी १८८१ मध्ये निघाला.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. ३ ऑक्टोबर १८८९ च्या ‘अमृत बाजार पत्रिके’त हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्यातला एक गुप्त कागद छापून आला. खात्याचे सचिव सर मॉर्टिमर ड्युरँड यांनी मे १८८८ मध्ये व्हाइसरॉय डफरिन यांच्यासाठी लिहिलेली ती टिप्पणी होती. विषय होता काश्मीर आणि गिलगिट. काश्मीरचे महाराजा प्रतापसिंह यांच्याकडून १८८९ च्या वसंतात कारभार काढून घेतला गेला होता, आणि कारण सांगितले गेले होते गैरकारभाराचे. पत्रिकेने छापलेला कागद वेगळेच सांगत होता. रेसिडेंट प्लाउडेन यांना गिलगिट सरळ हातात घ्यावे असे वाटत होते. ड्युरँडना ती घाई मान्य नव्हती. उघडपणे मुलूख घेतला आणि इंग्रजी फौज घातली तर दरबार बिथरेल, तेव्हा दरबाराच्याच संमतीने, गाजावाजा न करता हळूहळू पाय रोवावेत असा त्यांचा सल्ला होता. पत्रिकेने प्रश्न विचारला तो साधा होता: महाराजांचा अपराध कारभाराचा की गिलगिटच्या वाटेवर त्यांचे राज्य असण्याचा? दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, सिमल्याच्या कौन्सिलमध्ये हिंदुस्थानचा पहिला सरकारी गुपितांचा कायदा संमत झाला. त्या वेळी व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन या प्रकरणावर बोलले. कागद चोरीचा आहे, त्यातला काही भाग खरा पण काही भाग बनावट आहे आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते.

कायदा केवळ या एका लेखामुळे आला असे पुष्कळदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. इंग्लंडने तसाच कायदा ऑगस्ट १८८९ मध्ये केला होता आणि हिंदुस्थानचा मसुदा त्याच्यावरून बेतलेला होता. इंग्लंडच्या कायद्यामागेही एक फुटलेले परराष्ट्रीय गुपित होते. १८७८ मध्ये लंडनच्या परराष्ट्र खात्यात तासाच्या मजुरीवर नकला करणाऱ्या चार्ल्स मार्व्हिन याने इंग्लंड-रशियाचा गुप्त करार ‘ग्लोब’ पत्राला दिला. त्याने कागद चोरला नव्हता, मजकूर पाठ करून बाहेर नेला होता. म्हणून त्याला शिक्षा करता आली नाही. कागदाची चोरी हा गुन्हा होता, माहितीची नव्हती. ही फट बुजवायला कायदा आला. पण मार्व्हिनच्या प्रकरणातही वाचकाने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. तो करार बाहेर येताच मंत्र्याने वरिष्ठ सभागृहात बातमी विश्वासार्ह नसल्याचे सांगितले, आणि काही दिवसांत ‘ग्लोब’ने करार शब्दशः छापला तेव्हा बातमी खरी ठरली. पत्रिकेच्या बाबतीत काय झाले? गिलगिटला ब्रिटिश एजन्सी १८८९ मध्येच बसली आणि एजंट नेमले गेले ते मॉर्टिमर ड्युरँड यांचेच भाऊ अल्गर्नन ड्युरँड. डिसेंबर १८९१ मध्ये गिलगिटहून फौज निघाली, निल्टचा किल्ला सुरुंगाने दार उडवून घेतला, आणि हुंझा व नगर ही दोन छोटी राज्ये इंग्रजांच्या ताब्यात गेली. पत्रिकेच्या कागदातले कोणते वाक्य ड्युरँडचे आणि कोणते दुसऱ्याचे, हा वाद अभ्यासकांनी करावा. कागदाने जी दिशा दाखवली होती त्या दिशेने तोफा सव्वादोन वर्षांत गेल्या, एवढे निल्टच्या तटाने सिद्ध केले.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सैन्य कूच करण्याआधी त्याची वाट जाहीर झाली तर माणसे मरतात. क्रिमियाच्या युद्धात १८५४ मध्ये विल्यम हॉवर्ड रसेल यांच्या बातमीपत्रांत तोफांच्या जागा आणि पलटणींचे आकडे येतात, शत्रूला हेर ठेवायची गरजच राहिली नाही, अशी तक्रार इंग्रज सेनापती लॉर्ड रॅग्लनने केली होती. तक्रार खोटी नव्हती. उद्या पहाटे कोणत्या खिंडीतून पलटण जाणार हे छापणाऱ्या संपादकाची बाजू घेणारा मनुष्य मला भेटलेला नाही, आणि भेटला तर त्याच्याशी माझे जमणार नाही. पण पत्रिकेच्या कागदात खिंड नव्हती, तारीख नव्हती, पलटणीचे नाव नव्हते. त्यात होते धोरण: एका राज्याचा कारभार कोणत्या हेतूने काढून घेतला, आणि लोकांना सांगितलेले कारण व मनातले कारण यांत किती अंतर आहे. पहिल्या प्रकारची माहिती फुटल्याने शिपाई धोक्यात येतो. दुसऱ्या प्रकारची फुटल्याने अडचणीत येतो तो शिपायाला पाठवणारा. गोपनीयतेच्या कायद्याचे समर्थन नेहमी पहिल्या प्रकाराचे उदाहरण देऊन केले जाते, आणि तो वापरायला काढला जातो दुसऱ्या प्रकारासाठी. रसेलच्याच पत्रांतून छावणीतल्या रोगराईचे, थंडीत कुडकुडणाऱ्या शिपायांचे हाल इंग्लंडला कळले आणि त्याच्या परिणामी १८५५ मध्ये मंत्रिमंडळ पडले, हेही रॅग्लनच्या तक्रारीबरोबर सांगायला हवे.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या प्रकारची माहितीसुद्धा सरकारला प्रिय माणसाकडून आली तर गुपित ठरत नसे. १८९५ मध्ये चित्रळची मोहीम झाली, तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार म्हणून तिथे गेलेला गृहस्थ होता फ्रान्सिस यंगहजबंड, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्याच राजकीय सेवेतला अधिकारी. १८९७ मध्ये मलाकंडच्या मोहिमेत चौथ्या हुसार्स पलटणीचा बावीस वर्षांचा लेफ्टनंट विन्स्टन चर्चिल छावणीतून ‘पायोनियर’ला आणि लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ला पत्रे पाठवत होता, नोकरीत असलेला शिपाई लढाईच्या हकिकती वर्तमानपत्राला विकत होता आणि सेनापती बिंडन ब्लड यांनीच त्याला बोलावून घेतले होते. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मुंबईच्या हायकोर्टात विंचूरकर वाड्यातल्या संपादकाला राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. टिळकांवरचा खटला लष्करी गुपिताचा नव्हता, हे खरे. पण ‘पायोनियर’च्या वाचकाला सरहद्दीवरचे युद्ध तिथल्या लेफ्टनंटच्या लेखणीतून मिळत होते, आणि ‘केसरी’च्या वाचकाला ते कोणत्या मार्गाने मिळावे याची सरकारने कधी फिकीर केली नव्हती. सरकारच्या आतली बातमी आधी ‘पायोनियर’मध्ये येते हे तेव्हा सर्वश्रुत होते. बातमीची तूट आणि बोलण्यावरचा दंड या दोन्ही गोष्टी एकाच बाजूच्या वाट्याला आल्या होत्या.

या अन्यायावर कायदेमंडळात उभे राहून नेमके बोट ठेवणारा माणूसही पुण्याचाच निघाला. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे सभासद होते. डिसेंबर १९०३ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने १८८९ चा कायदा कडक करणारे विधेयक आणले, ए. टी. अरंडेल यांनी ते मांडले. जुन्या कायद्याचा रोख मुख्यतः आरमारी आणि लष्करी गुपितांवर होता. नव्या विधेयकाला नागरी कारभाराचे कागदही त्याच पंक्तीला बसवायचे होते. वॉरंटाशिवाय अटक करता यावी, जामीन मिळू नये, आणि आपण अधिकाराने कागद मिळवला हे आरोपीनेच सिद्ध करावे, अशी त्यात तजवीज होती. गोखल्यांनी विचारले की लष्करी गुपित फुटण्यात जो धोका आहे तो एखाद्या कचेरीतल्या बढतीच्या किंवा महसुलाच्या कागदात कुठे आहे? ज्या देशात सरकार लोकांना जबाबदार नाही तिथे टीका करणारे वर्तमानपत्र हाच एक अंकुश, आणि तोही तुम्ही काढून घेता. कलकत्त्याच्या ‘इंग्लिशमन’सारख्या सरकारच्या बाजूच्या पत्रालासुद्धा हा कारभार रशियाच्या वळणावर चालल्यासारखा वाटतो, हेही त्यांनी कौन्सिलला ऐकवले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कायदा कागदावर सर्वांना सारखा असला तरी इंग्रज संपादकाला पोलीस हात लावणार नाहीत, त्याचा भार पडेल तो देशी पत्रांवर, हे त्यांनी स्पष्ट सांगितले.

हे बोलण्याचा अधिकार गोखल्यांना अनुभवाने मिळालेला होता, आणि तो अनुभव कडू होता. १८९७ मध्ये इंग्लंडात असताना, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या शिपायांवर स्त्रियांवरील अत्याचाराचा आरोप केला होता. पुरावा मागितला गेला तेव्हा पत्र लिहिणाऱ्यांची नावे ते देऊ शकले नाहीत, आणि मुंबईला उतरल्यावर त्यांना विनाअट माफी मागावी लागली. म्हणून दुसरा आक्षेप, की फुटलेली बातमी अनेकदा अर्धवट असते आणि छापणाऱ्याला ती तपासता येत नाही, हा गोखल्यांना कोणी शिकवायला नको होता. त्यांनी तो स्वतःच्या अब्रूने मोजला होता. तरीही ते विधेयकाच्या विरोधात उभे राहिले, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बातमी अर्धवट राहते कारण ती तपासायची जागाच बंद असते. सरकारने कागद दाखवले असते तर पत्रिकेच्या मजकुरातला बनावट भाग एका दिवसात वेगळा झाला असता. लॅन्सडाउन यांनी मजकूर अंशतः खोटा आहे एवढे सांगितले, खरा कागद पुढे ठेवला नाही. चुकीच्या बातमीवरचा उपाय म्हणून अधिक कडक कुलूप देणाऱ्या सरकारला चुकीची बातमी फारशी खुपत नसावी, असे मला वाटते.

गोखले बोलत होते त्याच डिसेंबरात जेलेप खिंडीतून एक तुकडी तिबेटात शिरत होती. तिला सैन्य म्हणायचे नव्हते. ते व्यापार आणि सरहद्दीच्या वाटाघाटींसाठी निघालेले शिष्टमंडळ होते, बरोबर संरक्षणापुरती कुमक होती, असे सरकारी भाषेत होते. कुमक हजारावर शिपायांची होती, तोफा आणि मॅक्सिम बंदुका होत्या, मागे हजारो हमाल होते, आणि प्रमुख होते आठ वर्षांपूर्वी चित्रळहून ‘टाइम्स’ला लिहिणारे यंगहजबंड. आता ‘टाइम्स’चे बातमीदार म्हणून पर्सिव्हल लँडन बरोबर होते, ‘डेली मेल’चे एडमंड कॅन्डलर होते, रॉयटरचे न्यूमन होते. म्हणजे गुप्ततेचा प्रश्नच नव्हता. होता तो फक्त कोणत्या डोळ्यांनी पाहिले जावे याचा. मार्च १९०४ मध्ये गोखल्यांच्या विरोधाला न जुमानता विधेयक संमत झाले. निवड समितीने नागरी कागदांची व्याख्या थोडी आवळली होती, एवढाच लाभ. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला गुरू नावाच्या जागी तिबेटी शिपायांनी दगडाची एक भिंत घालून रस्ता अडवला होता. त्यांच्याकडे तलवारी आणि तोड्याच्या बंदुका होत्या. शीख आणि गुरखा शिपाई त्यांच्या हातातली शस्त्रे ओढून घेऊ लागले, झटापट झाली, एक गोळी सुटली, आणि मग भिंतीच्या बाजूंनी मॅक्सिम सुरू झाल्या. काही मिनिटांत शेकडो माणसे पडली. पाहणाऱ्यांच्या मनात राहिली ती गोष्ट ही की वाचलेले तिबेटी पळाले नाहीत. ते मान खाली घालून, पाठ करून, चालत निघून गेले आणि गोळ्या त्यांच्या पाठीत बसत राहिल्या. कॅन्डलर स्वतः या झटापटीत तलवारीचे वार लागून जखमी झाले होते, आणि त्यांच्या लिखाणातून हे दृश्य जगापुढे आले.

यावर कोणी म्हणेल की मग व्यवस्था चांगलीच होती. सरकारने नेलेल्या बातमीदारानेच सत्य सांगितले, हिंदी पत्रांच्या हक्काचा कांगावा कशाला? कॅन्डलर यांच्या प्रामाणिकपणाला माझा नमस्कार आहे. पण त्यांनी सांगितले ते गुरूला काय घडले. गुरूपर्यंत जायचे कोणी आणि कोणत्या कागदावर ठरवले हे छावणीतून दिसत नव्हते. लंडनच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९०३ मध्ये दिलेली परवानगी ग्यान्त्सेपुरती आणि अटींसह होती. यंगहजबंड ल्हासाला पोहोचले ३ ऑगस्ट १९०४ रोजी, आणि ७ सप्टेंबरच्या करारात त्यांनी ७५ लाख रुपयांची खंडणी घातली, ती वर्षाला एक लाखाप्रमाणे फेडेपर्यंत चुंबीचे खोरे इंग्रजांकडे राहील असे लिहून घेतले, म्हणजे ७५ वर्षांचा ताबा. हे लंडनच्या आज्ञेबाहेरचे होते. पुढे रक्कम २५ लाखांवर आणि ताबा तीन वर्षांवर आणला गेला. कर्झन आणि लंडन यांच्यातला हा तंटा ज्या तारांत आणि टिप्पण्यांत चालू होता, त्यांतली एखादी त्या हिवाळ्यात पुण्याच्या किंवा कलकत्त्याच्या पत्राच्या हाती लागली असती तर ती छापणारा संपादक नव्या कायद्याखाली विनाजामीन तुरुंगात गेला असता. मोहिमेतले शिपाई हिंदी होते. तिचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडू नये यासाठी हिंदी पुढारी वर्षानुवर्षे भांडत होते. ज्याच्या पैशाने आणि ज्याच्या मुलांनी युद्ध होते त्याला त्याचे कारण विचारण्याचा अधिकार आहे, एवढीच गोखल्यांच्या भाषणांची मागणी होती.

१८८९ आणि १९०४ च्या कायद्यांची जागा १९२३ च्या कायद्याने घेतली, आणि तो स्वातंत्र्यानंतरही चालू आहे. त्याच्या पाचव्या कलमात गुप्त कागद देणाऱ्याबरोबर तो जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने त्याला एक खिडकी पाडली: सार्वजनिक हित गोपनीयतेपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते, असे आठव्या कलमात आहे. राफेल विमानांच्या खरेदीचे संरक्षण खात्यातले कागद वर्तमानपत्रांत आल्यावर मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात १९२३ च्या कायद्याचा आधार घेतला. १० एप्रिलला तीन न्यायाधीशांनी तो आक्षेप फेटाळला आणि छापून आलेले कागद विचारात घेतले. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला भारतीय विमानांनी बालाकोटवर हल्ला केला होता. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी प्रेक्षकसंख्येच्या घोटाळ्याच्या खटल्यात सादर केलेले खासगी संदेश बाहेर आले. त्यांतल्या २३ फेब्रुवारी २०१९ च्या एका संभाषणात, सीमेपलीकडे नेहमीपेक्षा मोठे काही तरी घडणार आहे असे एका वृत्तवाहिनीचा संपादक सांगत असल्याचे दिसत होते. ते त्याला कोणी सांगितले होते, की तो अंदाज होता, याची चौकशी १९२३ च्या कायद्याखाली व्हावी अशी मागणी विरोधी पक्षांनी केली. राफेलचे कागद पूर्ण झालेल्या व्यवहाराचे होते आणि त्यांत एकाही वैमानिकाचा जीव गुंतलेला नव्हता. बालाकोटच्या आधीचे तीन दिवस मात्र रॅग्लनची तक्रार ज्या प्रकारच्या माहितीबद्दल होती, नेमक्या त्या प्रकारचे होते.